पाईप आणि फोमच्या सरावकाठ्या : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आर्निस, म्हणजे फिलिपिन्समधील काठीयुद्ध, शिकणारी लहान मुले गेल्या दिवाळीपासून घरी बनवलेल्या काठ्या वापरत आहेत. या प्रकारात मुळात सुमारे 28 इंच लांबीची वेताची काठी असते. परंतु प्रत्येकाला दोन काठ्या लागतात आणि मूल महिनाभर तरी टिकेल की नाही याची खात्री नसताना पालकांना तो खर्च सांगणे अवघड जाते.

काठीचा गाभा प्लंबिंगच्या अर्धा इंची यूपीव्हीसी पाईपचा आहे. नाव अर्धा इंची असले तरी त्याचा बाहेरचा व्यास 21.3 मिलिमीटर असतो, त्यामुळे एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो 22 मिलिमीटर आतील व्यासाचा काळा रबरी फोम त्यावर थोडी टाल्कम पावडर लावताच सरकत जातो. तीन मीटर पाईपमध्ये चार काठ्या निघतात. मुठीची जागा मोकळी ठेवल्यास दोन मीटर फोम तीन काठ्यांना पुरतो. बोहरी आळीत एका फेरीत सामान मिळते आणि मुठीवरची बॅडमिंटनची ग्रिप धरूनही एक काठी शंभर-सव्वाशे रुपयांत पडते.

खरी मेख टेपमध्ये आहे. कापडी टेप गोल गुंडाळली तर फोम दाबला जाऊन काठी कडक होते. तीच लांबीच्या दिशेने लावली तर फोम मऊ राहतो. पाईपची कापलेली कड फोमला आतून कुरतडते, म्हणून ती घासून, तोंडात रबरी बूच बसवून पुढे दोन बोटे फोम सोडावा लागतो. तरीही या काठीने भोसकण्याचा सराव आम्ही करू देत नाही. गच्चीत उन्हात पडलेला पाईप ठिसूळ होतो आणि फुटला तर धारदार तुकडे उडतात. पांढरी रेघ दिसली की काठी बाद.

पावसाळ्यात काठ्यांना बुरशी लागली नाही, ग्रिपना मात्र असा घामट वास येऊ लागला की त्या बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. तळमजल्यावरील रहिवासी आवाज होत नाही म्हणून खूश आहेत.

उणीव नेमकी तिथेच आहे. वेतावर वेत आदळला की काठी उसळून पुढच्या वाराला तयार होते; फोम आघात गिळून टाकतो, त्यामुळे सिनावाली या दोन काठ्यांच्या क्रमाची लय मंदावते आणि मुले ती भरून काढण्यासाठी उगाच जोर लावतात. शिवाय लागत नाही हे कळल्यावर बचावाचा हात हळूहळू खाली येतो. म्हणून पहिले दोन-तीन महिने या काठ्या योग्य, त्यानंतर सिनावालीसाठी वेत घ्यावा आणि फोमची काठी फक्त जोडीने वार-बचाव खेळताना वापरावी, असे माझे मत आहे. बुरूड आळीतला पोकळ बांबू स्वस्त पडतो खरा, पण तो उभा चिरतो आणि त्याच्या चिरा हात कापतात. वेत भरीव असल्याने फुटण्याऐवजी धागे सोडत झिजतो. डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा दोन्ही काठ्यांसोबत सक्तीचाच ठेवला आहे.