चॅरिटी नॅव्हिगेटर: हरिकेनग्रस्तांना देणगी देण्यापूर्वी पाहावे असे संकेतस्थळ

हेलीन हे हरिकेन (अटलांटिक महासागरातील चक्रीवादळ) २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले. मात्र सर्वाधिक मृत्यू झाले ते किनाऱ्यापासून शेकडो मैल आत असलेल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, तेही मुख्यतः डोंगराळ भागातील पूर आणि दरडींमुळे. अशा बातम्या येऊ लागल्या की आपणही काही द्यावे असे मनापासून वाटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत खऱ्या संस्थांच्या आवाहनांमध्ये नामसाधर्म्याचा फायदा घेणारे भामटेही मिसळलेले असतात. २००५ मध्ये कॅटरिना हरिकेननंतर अमेरिकेच्या न्याय खात्याला आपत्तीकाळातील फसवणुकीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन करावे लागले, यावरून या धोक्याचे गांभीर्य लक्षात येते. म्हणूनच २००१ मध्ये स्थापन झालेल्या चॅरिटी नॅव्हिगेटरची सेवा मला फार मोलाची वाटते.

हे संकेतस्थळ अमेरिकेत नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थांना चारपर्यंत तारे देते. वापरणाऱ्याला शुल्क पडत नाही आणि मूल्यांकनासाठी संस्थांकडूनही पैसे घेतले जात नाहीत. संस्थेचे नाव किंवा तिचा कर-क्रमांक (कर खात्याने दिलेला ओळख क्रमांक) टाकून शोध घेता येतो. माझ्या मते कर-क्रमांकानेच शोधावे, कारण नावात एका शब्दाचा फरक करून फसवणे सोपे असते, तर क्रमांक मात्र एकाच संस्थेचा असतो. मोठे वादळ आले की मदतकार्यात उतरलेल्या संस्थांची वेगळी यादीही येथे मिळते, त्यामुळे सुरुवात कोठून करावी हा प्रश्न राहत नाही.

तरीही केवळ तारे पाहून थांबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ताऱ्यांच्या खाली हिशेब व उत्तरदायित्व, कामाचा परिणाम, नेतृत्व असे विभाग असतात आणि एखाद्या संस्थेचे सर्वच विभाग तपासलेले असतात असे नाही. चार तारे केवळ आर्थिक शिस्तीवरून मिळालेले असू शकतात, आणि चोख हिशेब ठेवणारी संस्था पुरात अडकलेल्या गावात वेळेवर पोहोचतेच असे नाही. शिवाय हिशेबाची माहिती प्रामुख्याने संस्थांनी कर खात्याला सादर केलेल्या वार्षिक विवरणपत्रांतून येते, आणि ती विवरणपत्रे आर्थिक वर्ष संपल्यावर अनेक महिन्यांनी दाखल होतात. त्यामुळे आज आलेल्या वादळात संस्था काय करीत आहे, हे ताऱ्यांतून कळत नाही. त्यासाठी संस्थेच्या स्वतःच्या पानावर जाऊन ती कोणत्या जिल्ह्यात, कोणते काम करीत आहे हे वाचावेच लागते.

मला सर्वाधिक खटकणारी उणीव वेगळीच आहे. आपत्तीनंतर पहिल्या काही तासांत धावून जातात ती बहुधा स्थानिक चर्च आणि लहान मंडळे. चर्चना असे वार्षिक विवरणपत्र भरण्याचे बंधन नाही, आणि ज्यांचे वार्षिक उत्पन्न साधारणतः ५०,००० डॉलरपेक्षा अधिक नसते त्या संस्थांना अगदी त्रोटक माहिती दिली तरी चालते. परिणामी त्यांना सहसा तारे मिळतच नाहीत. तारे नाहीत म्हणजे संस्था संशयास्पद, असा समज कोणी करून घेतला तर ज्यांनी चिखल उपसला आणि छपरांवर ताडपत्री घातली त्यांच्यावरच अन्याय होईल. अमेरिकेबाहेरही हीच अडचण येते. २०१९ मध्ये डोरियन हरिकेनने बहामाच्या उत्तरेकडील बेटांची धूळधाण केली तेव्हा तेथील स्थानिक संस्थांना देऊ इच्छिणाऱ्याला हे संकेतस्थळ फारसे उपयोगी नव्हते. प्वेर्तो रिको हे कॅरिबियन बेट अमेरिकेच्या अखत्यारीत असल्याने तेथील, अमेरिकेच्या कर खात्याकडे नोंदणी केलेल्या संस्था मात्र यात सापडतात.

देणगी याच संकेतस्थळावरून, एकाच वेळी अनेक संस्थांना देण्याची सोय उत्तम आहे. दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा पर्याय मला अधिक पसंत आहे, कारण वादळाची बातमी मागे पडते तेव्हा देणग्याही आटतात, पण घरांची दुरुस्ती आणि विम्याचे वाद पुढे वर्षानुवर्षे चालू राहतात. नको असलेल्या कपड्यांचे गठ्ठे पाठविण्यापेक्षा, ज्यांचे वर्गीकरण करण्यातच स्वयंसेवकांचे दिवस जातात, तपासलेल्या संस्थेला अशी दरमहा रोख रक्कम देणे मी केव्हाही श्रेयस्कर मानेन.