आयएल्ट्स स्पीकिंग: दीडशे इडियम्सची यादी की वीसची वही?

'वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' हा प्रश्न शाळेत आपण सगळ्यांनीच सोडवलाय. कंबर कसणे, तारांबळ उडणे, कंठस्नान घालणे. मार्क मिळाले, पण कंठस्नान पुढे आयुष्यात कोणी कोणाला घातलं? आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगची, म्हणजे बोलण्याच्या चाचणीची, तयारी सुरू केली की तसलीच यादी इंग्रजीत, पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येते. ती पाठ करायची, की ऐकताना कानावर पडलेले मोजकेच इडियम वहीत उतरवून घोळवायचे? माझ्या भाचीने आधी पहिलं केलं, मग दुसरं, आणि सराव घ्यायला मी होतो.

परीक्षा मुळात काय मागते ते आधी बघा. 11 ते 14 मिनिटं, समोर परीक्षक, तीन भाग. गुण चार गोष्टींना सारखेच: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. 7 बँडच्या (बँड म्हणजे गुणांची पातळी) वर्णनात शब्दसंपत्तीखाली 'थोडे कमी रुळलेले आणि इडियमॅटिक शब्द' अशी अपेक्षा आहे. शिवाय त्याच ओळीत काही निवडी चुकल्या तरी चालतील अशी सवलतही आहे. म्हणजे इडियम हा चारातल्या एका रकान्यातला एक तुकडा. त्यासाठी रात्री जागवायच्या की नाहीत, हे इथेच निम्मं ठरतं.

यादीची बाजू आधी मांडतो. ती फुकट मिळते, लोकलमध्ये उभ्याने वाचता येते, दोन आठवड्यांत संपते. इंग्रजी मालिका किंवा पॉडकास्ट ऐकताना त्यातले इडियम पटकन ओळखू येतात, हा फायदा खराच. घोडं अडतं ते बोलताना. "मामा, दीडशे झाले पाठ," म्हणाली आणि आम्ही दुसऱ्या भागाचा सराव धरला. कार्ड होतं आवडत्या व्यक्तीवर. एक मिनिट तयारी, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. आजोबांबद्दल छान बोलत होती. शेवटी म्हणाली, "ही किक्ड द बकेट इन 2019." मराठीत सांगायचं तर 'माझे लाडके आजोबा 2019 मध्ये गचकले'. यादीत त्यापुढे फक्त 'मरण पावणे' एवढंच छापलं होतं. कुठे बोलायचं, कोणाबद्दल बोलायचं नाही, हे यादी सांगत नाही. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' (धो धो पाऊस पडणे) हा तर प्रत्येक यादीत पहिल्या पानावर असतो आणि आजच्या बोलण्यात क्वचितच ऐकू येतो.

आता वही. तिच्या वहीतलं एक पान सांगतो. वर लिहिलंय 'कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग', म्हणजे फार महाग पडणे, खाली कुठे ऐकलं ते. मग तिचं स्वतःचं वाक्य: लॅपटॉपची दुरुस्ती, 'इट कॉस्ट मी ॲन आर्म अँड अ लेग'. बाजूला लाल पेनाने दोन टिपा. भूतकाळातही 'कॉस्ट'च, 'कॉस्टेड' नाही. आणि 'ॲन', 'अ' गाळायचे नाहीत. मराठीत ही भानगडच नसल्यामुळे आपल्या तोंडून ते हमखास सुटतात आणि इडियम लंगडा होतो. एका इडियमला एक पान. आठवड्याला चार-पाच, त्यामुळे वीसाची वही भरायला महिना लागतो. वेग बैलगाडीचा, पण त्या वीसपैकी बारा-तेरा न आठवता तोंडात येतात. शिवाय ते तिच्याच विषयांचे आहेत: आजारपण, अभ्यास, पैसे, मैत्रिणी. पहिल्या भागात घर, काम, शिक्षण हेच तर विचारतात.

तिसरा पर्यायही आहे, आणि तो उगाच दुर्लक्षिला जातो. इडियमॅटिक म्हणजे फक्त म्हणीसारखे इडियम नव्हेत. 'हेवी ट्रॅफिक', 'अ टाइट बजेट', 'रन आउट ऑफ टाइम' असे जोडीने येणारे शब्द आणि फ्रेझल व्हर्बही ('रन आउट'सारखी क्रियापदं) त्यातच येतात. ते चुकले तरी हसू होत नाही, आणि बसले तर बोलणं आपोआप सहज वाटतं.

तेव्हा परीक्षा तीन आठवड्यांवर असेल तर यादी बंद करा, वहीही नवी काढू नका. हे जोडीने येणारे शब्द घ्या आणि आधीपासून माहीत असलेले पाच-सहा इडियम पक्के करा. दोन-तीन महिने हातात असतील आणि 7 किंवा वर हवे असतील तर वही. यादी असलीच तर निवड करायला, पाठ करायला नव्हे. 6 पुरत असतील तर मी इडियम बाजूला ठेवून अडखळणं कमी करण्यावर वेळ घालवीन. पीटीई ही संगणकावरची दुसरी इंग्रजी परीक्षा देणार असाल तर हा सगळा प्रश्नच जवळपास गैरलागू आहे: तिथे माणसाऐवजी मायक्रोफोनशी बोलायचं, आणि बराच वेळ मजकूर मोठ्याने वाचणं, ऐकलेलं वाक्य परत म्हणणं, चित्राचं वर्णन करणं यातच जातो.

परवाच्या सरावात बारा मिनिटांत भाचीने एकच इडियम वापरला. कॉलेज का बुडलं असं विचारल्यावर "आय वॉज अ बिट अंडर द वेदर" म्हणाली आणि न थांबता आईच्या काढ्याबद्दल बोलत सुटली. नंतर मी त्यावर शाबासकी दिली तेव्हा तिने विचारलं, "कुठे वापरला मी?"