थंडीतला किनारा: मांडवी की तिथल?

बडोद्याहून जानेवारीत निवांत, भणाणत्या वाऱ्याचा समुद्र हवा असेल तर कच्छमधलं मांडवीच. सयाजीनगरी एक्स्प्रेसने रात्रीत भुज, पुढे साठेक किलोमीटर रस्ता. पहाटे नुसता स्वेटर पुरत नाही. लोकरीतून वारा आरपार जातो, वरून विंडचीटर हवाच. वारा चढला की कोरडी वाळू घोट्याच्या उंचीवरून सरपटत येते, तेव्हा उघड्यावर कॅमेऱ्याची लेन्स बदलू नये. परतताना गरम दाबेली खावी. तिचं माहेरच हे.

वलसाडलगतचा तिथल किनारा त्यामानाने जवळ, वलसाडपर्यंत रेल्वेने सुमारे २०० किलोमीटर. पण वाळू काळी, ओहोटीला पाणी पार लांब आणि मध्ये चिखल. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, ती बघूनच निघा. रविवारी मात्र शांतता विसरा.