5 किलोची कोकोपीटची वीट, वर्षभर वापरून मग लिहितेय

मागच्या जूनमधे बाल्कनीत बाग करायची असं ठरवलं आणि पहिली खरेदी केली ती ही वीट, नारळाच्या सालीचा भुसा दाबून केलेली, भिजवून कुंडीत भरायची. आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पूर्वेला, सकाळचं 4 तास ऊन मिळतं. बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि सोसायटीने आधीच सांगून ठेवलेलं की जड कुंड्या नकोत आणि खालच्यांच्या कपड्यांवर पाणी गळता कामा नये, त्यामुळे मातीची पोती चढवण्यापेक्षा हे बरं असं वाटलं. 320 रुपयांना पडली. ब्रँडचं नाव देत नाही कारण नंतर नर्सरीतून दुसरी आणली तिचाही अनुभव जवळपास हाच आहे.

वस्तू म्हणून खरंच कमाल आहे. मोठ्या टबात ठेवून थोडं थोडं पाणी ओतत राहायचं, गरम पाणी असेल तर अजून पटकन फुगते, माझी वीट साधारण 25 लिटर पाणी प्यायली आणि सगळा टब भरून 60-65 लिटर भुसा झाला. 12 इंची चार कुंड्या काठोकाठ भरल्या. हाताला मऊ, वास नाही, दगड नाहीत, आणि भिजलेली कुंडी एकटीने उचलून उन्हात सरकवता येते, मातीच्या कुंडीला ते जमत नाही.

सासूबाई संगमेश्वरच्या. त्यांनी टबात हात घालून बघितला आणि म्हणाल्या, "अगो, हा तर सोडणाचा भुसा, विकत आणलास?" त्यांच्याकडे सोडणं, म्हणजे नारळाची वरची जाड सालं, न्हाणीच्या चुलीत जातात नाहीतर माडाच्या आळ्यात पुरतात, उन्हाळ्यात ओल टिकते म्हणून. मग त्या एक वाक्य बोलल्या, "पाणी राहील हो यात, पण झाडाचं पोट नाही भरायचं." मी तेव्हा नीट ऐकलं नाही. पाकिटावर झाडांसाठी सर्वोत्तम वगैरे छापलेलं असतं ना, मला वाटलं हीच माती.

तर नवीन लोकांनो, हे आधी वाचा. कोकोपीट म्हणजे माती नाही. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो तो दाबून वीट करतात, आपल्याकडचा पुष्कळसा माल तमिळनाडूतल्या पोल्लाचीकडून आणि केरळातून येतो. त्यात झाडाला लागणारं नत्र, स्फुरद जवळजवळ नाहीच, आणि उलट मीठ मात्र असतं, कारण नारळ समुद्राकाठचा आणि काही ठिकाणी सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात. मी न धुता सरळ कुंड्या भरल्या आणि मिरची, टोमॅटोची रोपं लावली, 10-12 दिवसात पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या, मी समजले पाणी कमी पडतंय म्हणून अजून पाणी घातलं. चारपैकी तीन रोपं गेली. खूप वाईट वाटलं, रोज सकाळी उठून पहिलं तेच बघायचे मी.

नंतर कळलं की धुवायचं असतं. घरी आरओच्या पाण्यासाठी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बघायचं पेन असेल तर तेच वापरा. आमच्या नळाचं पाणी 80 दाखवतं, भिजवलेल्या कोकोपीटमधून पिळून काढलेलं पाणी 900च्या वर दाखवत होतं! जुन्या सुती ओढणीत बांधून तीनदा धुतलं तेव्हा 200 च्या आसपास आलं. विटेवर "लो ईसी" (ईसी म्हणजे क्षारांचंच मोजमाप) लिहिलेली मिळते ती थोडी महाग असते पण ईसी 0.5 च्या आत असेल तर हे धुण्याचे कष्ट बरेच वाचतात. माझं मत, ज्यांना वेळ नाही त्यांनी 50-60 रुपये जास्त देऊन तीच घ्यावी.

पाण्याचं दुसरं दुखणं म्हणजे वरचा थर वाळून फिका दिसतो आणि आत चिखल असतो. पावसाळ्यात तर विचारू नका, जुलैमधे माझ्या कुंड्यांतून बारीक काळ्या माश्या उठायला लागल्या आणि पालकाची मुळं कुजली. आता मी बोट दोन पेरं आत घालून बघते, कोरडं लागलं तरच पाणी. ज्यांची बाल्कनी पावसात थेट भिजते त्यांनी जून ते सप्टेंबर नुसत्या कोकोपीटमधे काही लावूच नये असं मी स्पष्ट सांगेन.

टोमॅटोचं अजून एक. वाचलेल्या एका रोपाला ऑक्टोबरमधे फळं धरली पण खालून काळी पडायला लागली, मला कीड वाटली, ती कॅल्शियमची कमतरता निघाली. कोकोपीट स्वतःच कॅल्शियम धरून ठेवतं आणि झाडापर्यंत पोचू देत नाही, शिवाय माझं पाणीही एक दिवस खूप एक दिवस नाही असं चाललेलं. अंड्याची टरफलं टाकून काही लगेच फरक पडत नाही, ती विरघळायला महिने लागतात.

शेवटी जमलं ते मिश्रणाने. 4 भाग लाल माती, 3 भाग धुतलेलं कोकोपीट, 3 भाग गांडूळखत आणि कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. दर 15-20 दिवसांनी वरून परत मूठभर गांडूळखत. माती आली म्हणून वजन थोडं वाढलं पण नुसत्या मातीइतकं नाही. यात नोव्हेंबरात मेथी टाकली ती चौथ्या दिवशी वर आली, घरातलेच धने चपलेखाली रगडून दोन फोडी करून पेरले त्यांना 10 दिवस लागले पण काय दाट कोथिंबीर आली! मिरचीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला तेव्हा लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी फवारलं, दोन आठवड्यात आटोक्यात. सासूबाई आता रोज सकाळी चहा घेऊन तिथेच बसतात, गवती चहाची पात त्याच तोडतात.

आणि ज्या गुणासाठी ही वीट घ्यायची तो मला मे महिन्यात कळला. आम्ही 4 दिवस गावी गेलो होतो, शेजारच्या काकूंना चावी द्यायची राहिली, मी पूर्ण प्रवासात झाडांचाच विचार करत होते. परत आलो तर माती जास्त असलेल्या दोन कुंड्यांमधला पुदिना आडवा झालेला आणि मिश्रणातली मिरची, कढीपत्ता, वांगी ताठ उभी. बी रुजवायला तर याच्यासारखं काही नाही, धुतलेलं कोकोपीट अर्धं आणि गांडूळखत अर्धं, जुन्या आइस्क्रीमच्या डब्यांना भोकं पाडून त्यात भरते.

विटेसोबत कॉम्बोमधे ग्रो बॅग आलेल्या त्या घेऊ नका, 6 महिन्यात उन्हाने फाटल्या. आणि पहिल्या वेळेला 5 किलोची नको, साधारण 650 ग्रॅमची छोटी वीट मिळते, दोन कुंड्यांच्या मिश्रणाला पुरते.

5 पैकी 4 स्टार. एक कापला कारण माझ्या पाकिटावर वापरण्याआधी धुवा एवढी साधी ओळ छापलेली नव्हती, आणि माझी तीन रोपं त्यामुळेच गेली.