मुठा उजव्या कालव्यावरचा पोलादी पाइप-पूल: पाचपैकी चार तारे

पुण्यात मुठा उजवा कालवा ओलांडून जलवाहिनी न्यायची असेल, तर मधला खांब नसलेला पोलादी पाइप-पूलच घ्यावा, म्हणजे पाइपच पूल बनून कालवा ओलांडतो. एकोणिसाव्या शतकातल्या या कालव्याचा भराव मातीचा आहे. त्याच्या पोटात खोदकाम नकोच. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ कालवा फुटून वस्त्यांत पाणी घुसलं, ते शहर विसरलेलं नाही.

६०० मिमी व्यासाच्या पाइपात मीटरमागे सुमारे २८३ किलो पाणी मावतं. दोन टेकूंमधल्या २० मीटरच्या गाळ्यात साडेपाच टनांहून जास्त. एवढं वजन पाइप सहज पेलतो. खरी परीक्षा वळणांवर होते. ६ बार दाबाला ४५ अंशांच्या वळणावर सुमारे १३ टनांचा रेटा येतो. तिथला काँक्रीटचा ठोकळा लहान पडला की सांधा सरकतो, गळतं पाणी भराव पोखरतं. म्हणून ठोकळे भरावाबाहेर, कठीण जमिनीत हवेत.

एक टोक जखडा, दुसरं सरकतं ठेवा: तापमान ३० अंशांनी वाढलं की २० मीटर पाइप ७ मिमी लांबतो. सर्वांत उंच जागी हवा-व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर अडकलेली हवा प्रवाह रोखते.

एक तारा कापला तो खोगिरासाठी, म्हणजे पाइपाखालच्या बैठकीसाठी. पाइप जिथे टेकतो तिथे ओल साचते, रंग सुटतो आणि गंज खालून चढतो. वरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. दर पावसाळ्यानंतर आरसा धरून तिथली खालची बाजू बघा. दोन्ही टोकांना काटेरी जाळी लावा, पोरं पाइपवरून चालत जातात.