वारस नेमावा की शूरा बसवावी?

वक्फचा, म्हणजे धर्मादाय मालमत्तेचा, कारभार पाहणारे मुतवल्ली थकले की पुढचा कोण, हा प्रश्न प्रत्येक जमातीत येतो. कोकणातल्या आमच्या जमातीत तो आला तेव्हा ठरवणाऱ्यांत मीही होतो. नेमणूक आणि शूरा, दोन्ही वाटा पैगंबरांनंतरच्या पहिल्या खिलाफतीतल्याच. ६३४ मध्ये पहिले खलिफा हजरत अबू बकर यांनी आजारपणात वारस म्हणून हजरत उमर यांचं नाव लिहून ठेवलं. ६४४ मध्ये जखमी उमर यांनी सहा जणांची शूरा, म्हणजे आपसात सल्लामसलत करून आपल्यातूनच पुढचा खलिफा निवडणारं मंडळ, नेमली.

नेमणुकीची बाजू लंगडी नाही. अबू बकर यांच्या वेळी इराक आणि शाम (सीरिया) दोन्हीकडे लढाया चालू होत्या, घोळ परवडणारा नव्हता. शिवाय त्यांनी आधी जाणत्यांना विचारलं होतं. अलीकडे ओमानमध्ये सुलतान काबूस पत्रात वारसाचं नाव ठेवून १० जानेवारी २०२० ला गेले आणि दुसऱ्याच दिवशी हैसम बिन तारिक यांचा शपथविधी झाला.

मला खटकलं ते वेगळंच. आमच्या आधीच्या मुतवल्लींनी भाच्याचं नाव सांगून ठेवलं होतं. माणूस सचोटीचा, वक्फच्या बागेचा हिशेब चोख. तरी जुम्म्याच्या नमाजनंतर कोणी ना कोणी विचारायचंच, 'तुम्हाला नेमलं कोणी?' दोन वर्षं त्यांनी हे ऐकलं, मग किल्ल्या परत दिल्या. त्यांचा तो उतरलेला चेहरा मी विसरलेलो नाही.

उमर यांनी हा काटा आधीच काढला होता, असं मला वाटतं. मुलगा अब्दुल्ला सल्ल्यापुरता, खिलाफतीसाठी नाही. मुदत तीन दिवस. तोवर नमाज पैगंबरांचे साथीदार सुहैब पढवतील. सहांपैकी अब्दुर्रहमान बिन औफ यांनी स्वतःचं नाव मागे घेतलं, मदिनेत लोकांचा कल विचारत फिरले आणि मग सहांपैकीच उस्मान यांच्या हातावर बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, झाली. पुढे ६५६ मध्ये उस्मान यांची हत्या झाली, तेव्हा शूरेनं सगळं निभावतं असंही मी म्हणणार नाही.

आम्ही पाच जण बसवले, मुदत एका जुम्म्यापासून दुसऱ्यापर्यंत. माझ्या चुलत्यांनी आपलं नाव काढून घेतलं आणि ते घरोघर फिरले. नव्या मुतवल्लींना तो प्रश्न अजून कोणी केलेला नाही.

तुमची जमात चार घरांची असेल तर नेमणूकही चालून जाईल. शूरा बसवलीत तर मात्र मुदत आधी ठरवा, आणि तेवढे दिवस किल्ल्या कोणाकडे राहतील तेही लिहून ठेवा.