बिनशब्दांचं पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

शब्द नसलेलं चित्रपुस्तक घेताना बहुतेक आईबाबा मागे छापलेला वयोगट बघतात. मी म्हणेन, त्याआधी दोन गोष्टी बघा. पुस्तक घेऊन मुलाशेजारी कोण बसणार आहे, आणि गोष्ट पानागणिक पुढे सरकते की एकाच पानावरच्या छोट्या छोट्या चौकटींतून. तीन वर्षांच्या पोराला सिंह लगेच ओळखता येतो. पण चौथ्या चौकटीतला मुलगा म्हणजे पहिल्या चौकटीतलाच, फक्त थोड्या वेळानंतरचा, हे त्याला आपसूक कळेलच असं नाही.

अगदी लहानांसाठी माझ्या मते खरी निवड दोन पुस्तकांतच आहे: जेरी पिंकनी यांचं ‘द लायन अँड द माउस’ (2009) आणि सुझी ली यांचं ‘वेव्ह’ (2008).

पिंकनींनी इसापाची सिंह-उंदराची गोष्ट आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत नेऊन रंगवली आहे. मुखपृष्ठावर पुस्तकाचं नावसुद्धा नाही, नुसता सिंहाचा चेहरा. आत फक्त आवाज लिहिलेत: घुबडाचा, उंदराचा, सिंहाचा. ते इंग्रजी अक्षरांत आहेत, पण डरकाळी फोडायला इंग्रजी कुठे लागतं! या चित्रांना 2010 साली अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक मिळालं. आपल्या घरांत या पुस्तकाचा सगळ्यात मोठा फायदा असा, की सांगणाऱ्याला गोष्ट आधीच पाठ असते. “यात वाचायचं काय गं?” असं विचारणारी आजीसुद्धा दुसऱ्या पानापासून रंगात येते. तोटाही त्यातच आहे. गोष्ट ठरलेली, त्यामुळे मुलाने काही वेगळं सुचवलं की मोठी माणसं लगेच “तसं नाही रे, असं” करून त्याला रुळावर आणतात. मात्र मलपृष्ठाच्या आतलं शेवटचं चित्र चुकवू नका. सिंह सहकुटुंब फिरायला निघालाय आणि उंदराचं बिऱ्हाड त्याच्या पाठीवर. याची गोष्ट कुणाला पाठ नसते, म्हणून तिथे मुलालाच बोलू द्या.

‘वेव्ह’ याच्या अगदी उलट. एक मुलगी, समुद्र, मागे सीगल पक्षी, आणि रंग म्हणाल तर काळ्या रेघा नि एक निळा, बस्स. पुस्तक आडवं, लांबलचक. सुरुवातीला मुलगी डाव्या पानावर आणि समुद्र उजव्या पानावर. मधल्या घडीपाशी येऊन पाणी थांबतं, जणू तिथे काच लावली आहे. मुलगी लाटेला घाबरते, मग उलट तिलाच घाबरवते, जीभ काढून चिडवते, आणि मग एक लाट घडीबिडी न जुमानता दोन्ही पानांवर कोसळते. ही घडी मुलाला बोटाने दाखवा आणि गप्प बसा. मालवणला किंवा दिवेआगरला एकदा जरी पाय ओले करून आलेलं मूल असेल, तर पुढचं तेच सांगेल. सुझी ली यांना बालसाहित्यातला 2022 चा आंतरराष्ट्रीय हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. पुस्तकबांधणीचा इतका नेमका वापर लहान मुलांसाठी करणारे चित्रकार थोडेच. अडचण एकच: सांगणाऱ्याला भरपूर बोलायची हौस असेल तर हे पुस्तक दोन मिनिटांत संपतं आणि “एवढंच?” असं वाटतं.

चार-पाच वर्षांच्या बडबड्या मुलासाठी मी दोन्ही बाजूला ठेवून मर्सर मेयर यांचं ‘फ्रॉग, व्हेअर आर यू?’ (1969) घेईन. दिसायला साधं, रंगीबेरंगी मुळीच नाही, दुकानात हातात घेतलं तर परत ठेवाल. बरणीतला बेडूक पळतो, मुलगा आणि कुत्रा त्याला शोधायला निघतात. गंमत अशी, की बऱ्याच पानांवर दोन गोष्टी एकदम चालू असतात: मुलगा बिळात डोकावून हाका मारतोय आणि तिकडे कुत्रा मधमाश्यांच्या पोळ्याच्या मागे लागलाय. दोन्ही सांगायच्या म्हणजे ‘तेवढ्यात’, ‘इकडे तर’, ‘तो हाका मारत असताना’ हे सगळं तोंडात यावंच लागतं. पुढे मुलगा खडकावर चढून फांद्या धरतो आणि त्या निघतात हरणाची शिंगं! भाषेचे अभ्यासक हेच पुस्तक जगभरच्या मुलांपुढे ठेवून त्यांच्याकडून गोष्ट सांगून घेत आले आहेत, ते उगाच नाही.

याच वयासाठी रेमंड ब्रिग्ज यांचं ‘द स्नोमॅन’ (1978) सुचवणारे पुष्कळ भेटतील. रंगीत पेन्सिलींचं काम देखणं आहे, पण पानं चौकटींनी भरलेली. डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ, ही शिस्त अंगवळणी पडलेली हवी. शिवाय शेवटी हिममानव वितळतो, आणि ब्रिग्ज काही सावरून घेत नाहीत. यावरून केलेल्या 1982 च्या ॲनिमेशनपटातला सांताक्लॉज पुस्तकात नाही, तेव्हा त्याच्या आशेवर बसलेलं मूल हिरमुसेल. सहा वर्षांपर्यंत थांबलात तरी चालेल.

ॲरन बेकर यांचं ‘जर्नी’ (2013) सुंदर आहे, लाल खडूने भिंतीवर दार काढून पलीकडे जाणारी मुलगी कुणाला आवडणार नाही! पण तेही जरा मोठ्यांचं. मित्सुमासा आन्नो यांचं ‘आन्नोज जर्नी’ खरं तर पालकांनी स्वतःसाठी घ्यावं. लहानग्यांना त्यातला घोडेस्वार प्रत्येक चित्रात हुडकण्यापुरतं पुरतं.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना या सगळ्या पुस्तकांचा आणखी एक उपयोग आहे. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मराठी पुस्तकं क्वचितच असतात, पण यातली बरीचशी सापडतात, आणि ती कोणत्या भाषेत वाचायची हे तुम्ही ठरवता. आजीशी व्हिडिओ कॉलवर वाचायचं असेल तर बेडकाचं छोटं पुस्तक कॅमेऱ्यासमोर नीट मावतं. ‘वेव्ह’चं मात्र एक पान दाखवलं की दुसरं बाहेर जातं, आणि घडीची सगळी गंमतच जाते.

महाराष्ट्रात ही पुस्तकं बहुधा मागवावी लागतात आणि पुठ्ठाबांधणीची असतील तर खिशाला चांगलीच चाट बसते. आधी मुलाचा कल बघायचा असेल तर ‘प्रथम बुक्स’ या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ 2015 पासून चालू आहे. तिथली चित्रं मोफत वापरता येतात. चार-पाच चित्रं निवडून, शब्द न घालता छापून घ्या आणि मुलाला हवी तशी लावू द्या. उलटी लावली तरी दुरुस्त करायला जाऊ नका.